आधी हिशेबाची वही, मग बँकेचे कर्ज

बंगळुरू शहराच्या पूर्व कडेला असलेला महादेवपुरा हा विभाग आज माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे मोठे केंद्र म्हणून ओळखला जातो. २००७ सालापर्यंत येथे स्वतंत्र नगरपरिषद होती. त्या वर्षी ती बंगळुरू महानगरपालिकेत विलीन झाली आणि आसपासच्या खेड्यांच्या शिवारांत काचेच्या उंच इमारती उभ्या राहण्याचा वेग आणखी वाढला. नोकरीनिमित्त येथे आलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही आहेत. त्यांपैकी अनेकांचे मूळ घर सातारा, सोलापूर, लातूर, बेळगाव अशा जिल्ह्यांतील खेड्यांत आहे आणि गावाकडील शेती व छोटे व्यवसाय कसे सावरतील हा प्रश्न त्यांच्या घरच्या बोलण्यात असतोच. या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर त्यांच्या राहत्या ठिकाणापासून फार दूर नाही. व्हाइटफील्ड स्थानकावरून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग बंगारपेटला पोहोचतो. कोलार जिल्ह्यातील हे जंक्शन पूर्वी सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या फाट्यासाठी प्रसिद्ध होते. भारतीय बँकिंगच्या इतिहासात त्याची नोंद मात्र वेगळ्याच कारणासाठी व्हावयास हवी.

१९९१ सालाच्या अखेरीस बंगारपेट येथील वैश्य बँकेच्या शाखेने परिसरातील खेडेगावच्या एका महिला संघाला कर्ज दिले. कर्ज कोणा एका व्यक्तीच्या नावावर नव्हते. तारण नव्हते. संघाची कोठे नोंदणीही झालेली नव्हती. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत, १९९२ च्या जानेवारीत, खाणींच्या परिसरातील अँडरसनपेट येथे कॉर्पोरेशन बँकेच्या शाखेने दुसऱ्या एका महिला संघाला असेच कर्ज मंजूर केले. बचत गट व बँक यांच्या जोडणीची ही देशातील पहिली उदाहरणे समजली जातात. या दोन्ही बँकांची नावे आज फलकांवर उरलेली नाहीत. वैश्य बँक पुढे आयएनजी वैश्य झाली आणि २०१५ मध्ये कोटक महिंद्र बँकेत विलीन झाली. कॉर्पोरेशन बँक २०२० मध्ये युनियन बँकेत सामावली गेली. त्यांच्या दोन ग्रामीण शाखांनी टाकलेले पाऊल मात्र देशभर पोहोचले.

कोलार हा अवर्षणाचा, तलावांच्या पाण्यावर आणि पावसावर विसंबून असणारा जिल्हा. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळुरूबरोबर कोलारचाही समावेश होता, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव अपरिचित नाही. रेशीम, दूध आणि टोमॅटो ही येथील ग्रामीण उत्पन्नाची आजची मुख्य साधने आहेत. सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. अशा ठिकाणी बँकेच्या अधिकाऱ्याने विनातारण कर्ज देण्याचे धाडस कशाच्या आधारावर केले, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

मोडलेल्या सोसायटीतून उगवलेले गट

या कथेचे मूळ बंगळुरू येथील मायराडा या स्वयंसेवी संस्थेच्या कामात सापडते. १९६८ साली स्थापन झालेली ही संस्था प्रारंभी तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनाचे काम करीत असे. पुढे तिने ग्रामीण भागात सहकारी सोसायट्या उभारण्यास साहाय्य केले. १९८४-८५ च्या सुमारास त्यांपैकी काही मोठ्या सोसायट्या मोडकळीस आल्या. पुढाऱ्यांवर सभासदांचा विश्वास उरला नव्हता. अशा वेळी काही सभासद लहान लहान समूहांनी संस्थेकडे आले आणि सोसायटीकडून घेतलेले पैसे आम्ही परत करू इच्छितो, पण सोसायटीकडे नव्हे, असे सांगू लागले. संस्थेने त्यांना सुचविले की, हे पैसे तुमच्या या लहान समूहातच जमा करा आणि त्यांचे काय करावयाचे ते तुम्हीच ठरवा.

हा निर्णय वरकरणी साधा वाटतो, परंतु पुढील सारे त्यातूनच घडले. समूहांना पैसे सांभाळायचे होते, म्हणून बैठक ठरली. बैठकीत कोणाला किती द्यावयाचे यावर वाद होऊ लागले, म्हणून नियम झाले. नियम मोडणाऱ्यास दंड ठरला आणि हे सर्व लक्षात राहावे म्हणून वही आली. संस्थेचे दीर्घकाळ प्रमुख असलेले ॲलॉयसिअस फर्नांडिस यांनी या समूहांचे मर्म सांगताना सभासदांमधील आधीपासूनच्या आपुलकीवर भर दिला आहे. एकमेकींच्या अडीअडचणीला धावून जाणाऱ्या बायका आधीच एकत्र असतात; बाहेरच्या माणसाने ते नाते ओळखावयाचे असते, निर्माण करावयाचे नसते.

१९८७ मध्ये नाबार्डने या प्रयोगासाठी मायराडाला १० लाख रुपयांचे साहाय्य दिले. त्या वेळी या समूहांना कर्ज-व्यवस्थापन गट म्हणत. ‘स्वयंसहाय्यता गट’ हे नाव नंतर रूढ झाले. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना या जोडणीत सहभागी होण्याविषयी परिपत्रक काढले, फेब्रुवारी १९९२ मध्ये नाबार्डच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि देशभरात ५०० गटांना कर्ज देण्याचा पथदर्शी कार्यक्रम आखला गेला. पहिल्या वर्षाच्या अखेरीस, म्हणजे मार्च १९९३ पर्यंत, २५५ गटांना मिळून सुमारे २९ लाख रुपयांचे कर्ज देण्यात आले होते. मार्च २०२३ अखेर बँकांत बचत खाते असलेल्या गटांची संख्या सुमारे १ कोटी ३४ लाख होती. या गटांच्या ठेवी ५८ हजार कोटी रुपयांहून अधिक होत्या, येणे कर्ज सुमारे १ लाख ८८ हजार कोटी रुपये होते आणि त्यातील अनुत्पादक कर्जाचे प्रमाण ३ टक्क्यांहून कमी होते. तारण देऊन घेतलेल्या अनेक कर्जांची वसुली याहून वाईट असते, हे बँकेच्या कर्मचाऱ्यांना सांगावयास नकोच.

भिशी आणि बचत गट

आपल्याकडे भिशी सर्वांच्या परिचयाची आहे. भिशीत दरमहा पैसे गोळा होतात, चिठ्ठी किंवा बोलीनुसार एकीला मिळतात आणि फेरी पूर्ण झाली की निधी संपतो. बचत गटाचा निधी संपत नाही, उलट वाढत जातो. कसा, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा, एका गटात १५ महिला आहेत आणि प्रत्येक जण दरमहा १०० रुपये बचत करते. सहा महिन्यांत ९,००० रुपये जमतात. प्रत्येक बैठकीत जमलेली रक्कम त्याच बैठकीत गरजू सभासदांना शेकडा २ रुपये मासिक व्याजाने दिली, तर सहाव्या बैठकीपर्यंत सुमारे ४५० रुपये व्याजापोटी येतात. हे व्याज कोणा सावकाराच्या घरी जात नाही. ते गटाच्या निधीत मिळते आणि निधी ९,४५० रुपये होतो. आता बँकेने या निधीच्या चौपट, म्हणजे ३७,८०० रुपये, वार्षिक १२ टक्के दराने दिले असे धरू. गट ती रक्कम सभासदांना शेकडा २ रुपयांनीच देतो. बँकेला दरमहा शेकडा १ रुपया द्यावा लागतो आणि दुसरा रुपया गटात राहतो. गावातील सावकार शेकडा ५ रुपये घेत असेल, तर त्याच्याकडून ५,००० रुपये उचलणारी महिला महिन्याला २५० रुपये व्याज भरते. गटात तिला १०० रुपये भरावे लागतात आणि त्यातील ५० रुपये तिच्या स्वतःच्या भागीदारीच्या निधीत जमा होतात.

बँकेचा शेकडा १ रुपयाचा दर असताना गट शेकडा २ का घेतो, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. तो आकडेमोडीच्या दृष्टीने बरोबर असला तरी व्यवहाराच्या दृष्टीने अपुरा आहे. या फरकातूनच गटाची वही, बैठकीचा खर्च, एखादीचा हप्ता थकला तर तो भरून काढण्याची ताकद आणि पुढच्या कर्जाची पात्रता निर्माण होते.

गटाची सभासदसंख्या साधारणतः १० ते २० असते. नोंदणी सक्तीची नसते. गटाच्या नावाने बचत खाते उघडता येते आणि ठरावाने निवडलेल्या प्रतिनिधी त्यावर व्यवहार करतात. कर्ज मंजूर करण्यापूर्वी शाखेने गटाची प्रतवारी करावयाची असते. बैठका नियमित होतात काय, बचत नियमित आहे काय, अंतर्गत कर्जवाटप होते काय, परतफेड वेळेवर आहे काय आणि हिशेब लिहिला जातो काय, या पाच गोष्टी त्यात मुख्य आहेत. यालाच पंचसूत्री म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार १० लाख रुपयांपर्यंतच्या गट-कर्जाला तारण मागता येत नाही आणि गटाच्या बचत खात्यातील रक्कम अडकवूनही ठेवता येत नाही. काही शाखांत बचत खात्यातील रक्कम कर्जाच्या हमीपोटी गोठविण्याची सवय आढळते. ती नियमाविरुद्ध तर आहेच, शिवाय आत्मघातकीही आहे. कारण अंतर्गत कर्जवाटप थांबले की प्रतवारीचा आधारच नाहीसा होतो.

पहिले कर्ज कशासाठी घेतले जाते, हाही वादाचा मुद्दा आहे. शेळी, गाय, शिलाई यंत्र अशा उत्पादक कारणासाठीच कर्ज द्यावे, असे नियोजनकारांना वाटते. प्रत्यक्षात सुरुवातीची कर्जे धान्य, औषधपाणी, मुलांची शाळा आणि गहाण पडलेले दागिने वा जमीन सोडविणे यांसाठी घेतली जातात. यात वाईट काय आहे? गहाण जमीन सुटली की पुढच्या हंगामाचे पीक घरी येते. सावकाराचे व्याज थांबले की तेवढी रक्कम दरमहा शिल्लक पडते. गाय त्यानंतर येते आणि टिकते. सावकाराचा डोंगर तसाच ठेवून घेतलेली गाय बहुधा दुसऱ्याच वर्षी बाजारात विकली जाते.

महाराष्ट्रातील वाटचाल

महाराष्ट्रात या चळवळीला बळ देण्याचे काम महिला आर्थिक विकास महामंडळाने मोठ्या प्रमाणावर केले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाला २००३ मध्ये बचत गटांच्या कार्यक्रमासाठी राज्याची समन्वयक संस्था म्हणून जबाबदारी देण्यात आली. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने २००७ पासून राबविलेल्या तेजस्विनी कार्यक्रमात गटांची लोकसंचालित साधन केंद्रे उभी राहिली. एखाद्या परिसरातील गट एकत्र येऊन असे केंद्र चालवितात. केंद्रातील कार्यकर्त्या गटांचे हिशेब तपासतात, कर्जप्रस्ताव तयार करतात, परतफेडीचा पाठपुरावा करतात आणि त्याबद्दल गटांकडून सेवाशुल्क घेतात. शाखा व्यवस्थापकाला प्रत्येक वाडीवर जाणे शक्य नसते. त्याच्या आणि गटाच्या मधले हे अंतर कोणी तरी सतत चालत राहावे लागते. ते काम गटांच्याच पैशातून, गटांनीच नेमलेल्या बाईने करणे हे सरकारी अनुदानावर ते करवून घेण्यापेक्षा टिकाऊ ठरते. २०११ पासून राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आणि त्याचे राज्यातील रूप असलेले उमेद अभियान यांनी गट, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ अशी रचना राज्यभर नेली.

साताऱ्यातील माण तालुक्याचे उदाहरण थोडे वेगळे आणि अधिक बोलके आहे. म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने स्थानिक महिलांनी स्वतःची सहकारी बँक काढण्याचे ठरविले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. प्रवर्तक महिलांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, अर्जावर अंगठे होते. महिलांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी त्या स्वतः अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. आम्हाला अक्षरे येत नसतील, पण कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, असे त्यांचे म्हणणे होते. परवाना मिळाला आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आठवडी बाजारात बसणारी भाजीवाली रोज सकाळी भांडवल उचलते आणि संध्याकाळी फेडते. तिच्या व्याजाचा दर तिला मनातल्या मनात ठाऊक असतो, कारण तो तिच्या रोजच्या भाकरीतून वजा होतो. कर्जदाराचे हे हिशेबी शहाणपण बँकांच्या अर्जांत कोठेच विचारले जात नाही.

क्रम उलटला की काय होते

या पद्धतीचे यश आधी बचत, मग आपसांतील कर्जवाटप आणि त्यानंतर बँक या क्रमात आहे. क्रम उलटला तेथे नुकसान झाले, याचीही उदाहरणे आहेत.

१९९९ मध्ये सुरू झालेल्या स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत गटाच्या प्रकल्पाला खर्चाच्या निम्म्यापर्यंत, जास्तीत जास्त सव्वा लाख रुपये, अनुदान मिळत असे. हेतू चांगला होता. परंतु अनुदान दिसताच गट तयार होऊ लागले आणि अनुदान वाटून झाले की त्यांपैकी पुष्कळ विरून गेले. अशा गटांत पैसा आला, पण पैशाबद्दल निर्णय घेण्याची सवय आली नाही.

दुसरे उदाहरण पुन्हा कोलारचेच आहे. २००० नंतरच्या दशकात सूक्ष्म वित्त कंपन्यांनी या भागात मोठ्या प्रमाणावर कर्जे दिली. त्यांचेही समूह असत, परंतु बचत गटाहून त्यांचे स्वरूप अगदी भिन्न होते. समूह कंपनीच्या सोयीसाठी जमविलेला असे. त्यात बचत नसे, आपसांतील कर्जवाटप नसे. असे ते फक्त एकमेकींचा हप्ता भरण्याचे दायित्व, आणि व्याजाचा सर्व भाग कंपनीकडे जाई. रेशमाचे धागे काढणाऱ्या कुटुंबांतील महिलांनी एकाच वेळी अनेक कंपन्यांकडून कर्जे उचलली. २००९ मध्ये कोलार शहरात स्थानिक समाज-समितीने कर्जे फेडू नका असे जाहीर केले आणि वसुली अचानक थांबली. पुढील वर्षी आंध्र प्रदेशात संकट अधिक उग्र झाले. ऑक्टोबर २०१० मध्ये तेथील सरकारला अध्यादेश काढावा लागला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगम समितीचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला व या कंपन्यांसाठी स्वतंत्र नियम झाले. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध पुन्हा अध्यादेश काढणे भाग पडले. ज्या जिल्ह्यात १९९१ मध्ये विनातारण कर्जाचा पाया घातला गेला, त्याच जिल्ह्यात अठरा वर्षांनी विनातारण कर्ज कोसळले. माणसे तीच होती, कष्टही तेच होते. पहिल्या वेळी वही बायकांच्या हातात होती, दुसऱ्या वेळी ती कंपनीच्या वसुली अधिकाऱ्याच्या पिशवीत होती.

आपल्या शाखांनीही या अनुभवाकडे डोळे उघडे ठेवून पाहणे इष्ट आहे. जीवनोन्नती अभियानातील सध्याच्या सूचनांनुसार गटाला पहिल्या फेरीत निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते, देणे अपेक्षित आहे. वरील उदाहरणातील ९,४५० रुपये निधी असलेल्या गटालाही दीड लाख रुपये मिळू शकतात, म्हणजे निधीच्या जवळजवळ सोळापट. वाढलेल्या महागाईत ३७ हजारांत पंधरा जणींचे काही होत नाही, हे खरे. म्हणून ही वाढ अयोग्य म्हणता येणार नाही. पण दीड लाखाचा निर्णय घेण्याची सवय सहा महिन्यांत लागली आहे काय, हे वही उघडून पाहणे शाखेचे काम आहे. वर्षअखेरीस उद्दिष्टाचा ताण असतो तेव्हा नेमके हेच पाहणे राहून जाते. मार्च महिन्यात एकाच दिवशी वीस गटांना कर्ज मंजूर झाले, एवढ्याने आनंद मानू नये.

एक प्रश्न मात्र गटाच्या चौकटीत सुटत नाही. दहा-पंधरा वर्षे गटात नियमित असलेल्या सभासदांपैकी एखादी महिला मसाल्याची गिरणी, दूध संकलन किंवा कपड्यांचे दुकान असा खराखुरा व्यवसाय उभा करते. तिला आता दोन-तीन लाख रुपये हवे असतात. गटातील इतर जणींना तेवढी गरज नसते आणि तिच्या जोखमीत सहभागी होण्याची इच्छाही नसते, जे स्वाभाविक आहे. ती एकटी बँकेत येते तेव्हा तिच्या नावावर जमीन नसते, आयकर विवरणपत्र नसते आणि संगणकावर पतगुणांक मागितला तर तो बहुधा रिकामा येतो. तिने शेकडो हप्ते वेळेवर फेडलेले असतात, पण ते गटाच्या नावावर जमा झालेले असतात. गटातील प्रत्येक सभासदाची माहिती पतमाहिती संस्थांना कळवावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्येच दिली आहे. ती पूर्णपणे अमलात येण्यासाठी गटाच्या कागदी वहीतील नोंद संगणकात नावानिशी चढणे आवश्यक आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी बचत गटांच्या सभासदांसाठी व ग्रामीण ग्राहकांसाठी ‘ग्रामीण क्रेडिट स्कोअर’ तयार करावा, असे जाहीर झाले. त्यात केवळ बँकेचा हप्ता मोजला जाणार, की आजारपणात गटाकडून घेतलेले आणि पुढच्या सुगीत फेडलेले दोन हजार रुपयेही मोजले जाणार, यावर त्या महिलेच्या गिरणीचे कर्ज अवलंबून राहील.